लायक व्यक्ती

३ मार्च

सकाळची फेरी झाली, दुपारच्या फेरीला तीन तास आहेत. बस शाळेमागच्या झाडाखाली लावून लिहितेय. वही नवी आहे. वकील करायचा तर सगळ्याची नोंद ठेवावी, असं ट्रस्टच्या लोकांनी काल सांगितलं. मला मुळात लिहायची सवय आहेच, फक्त आजवर ते डिझेल आणि टायरपुरतं होतं.

काल मराएवर, म्हणजे आमच्या घराण्याच्या सभाघरात, जमिनीच्या ट्रस्टची बैठक झाली. नदीकाठच्या बारा एकरांवर औषधी गांजा लावायचा, कायद्याने परवाना काढून, हे ठरलं. वादळाने मका नेला, त्याआधी लाकूड गिरणी बंद झाली. मी ही बस चालवायला लागले तेव्हा ओतेहाऊ खोऱ्यातून एक्केचाळीस मुलं चढायची. आज सतरा होती. बारापेक्षा कमी झाली की फेरी बंद करणार असं पत्र आलंय. म्हणजे आईबाप काम शोधत जातात, मुलं त्यांच्या मागे जातात, आणि शेवटी मी रिकामी बस घेऊन फिरते.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या घराण्यात पोलिसांकडे जिच्या नावाचा कागद नाही अशी हुहाना एकटीच."

सगळे हसले. मीही हसले. खरंच आहे ते.

पाओरा मागच्या बाकावर होता.  घरी येताना गाडीत म्हणाला, "ताई, तू आजवर एक टोमॅटोसुद्धा जगवलेला नाहीस."

"तू आहेस ना," मी म्हटलं.

"मी आहे," तो म्हणाला, आणि खिडकीतून नदीकडे बघत बसला.

११ मार्च

गिस्बर्नला वकील रोवीना बेल यांच्याकडे दीड तास बसले. बाई हुशार आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी आधी काय करता येणार नाही ते सांगितलं. कुंपण माणसाच्या डोक्याच्या वर. कॅमेरे. कुलपाची खोली. प्रत्येक रोपाला नंबर. रोप मेलं तर तेही तोलून, साक्षीदारासमोर नष्ट करायचं. माल फक्त औषध बनवण्याचा परवाना असलेल्या कंपनीला द्यायचा. तिथून तो डॉक्टरच्या चिठ्ठीने आजाऱ्याला मिळेल. शेजाऱ्याला, नातेवाइकाला एक पानही द्यायचं नाही. "खिशात चुकून राहिलेलं पानसुद्धा गुन्हा," त्या म्हणाल्या.

बियाणं मात्र आपलं चालतं. परवाना मिळाल्यावर खोऱ्यातलं जुनं बियाणं जाहीर करून आत आणता येतं. हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या खोऱ्यातलं बी चाळीस वर्षांचं आहे.

मग त्या माणसांकडे वळल्या. अर्ज करणारी 'लायक आणि सचोटीची व्यक्ती' हवी. पोलीस तपासणी होते.

"लागवड प्रत्यक्ष कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. पाओरा."

"अनुभव?"

"तीस वर्षं." मग मला कळलं मी काय बोलले ते. मी पुढे सांगून टाकलं, "दोनदा शिक्षा झालीय. दोन्ही वेळा याच झाडापायी."

त्यांचं पेन थांबलं. "त्यांना घेताच येणार नाही असं कायदा म्हणत नाही, हुहाना. पण त्यांचं नाव आलं की प्रश्न येतात, प्रश्न आले की महिने जातात, आणि बहुधा नकार येतो. माझा सल्ला विचारलात तर त्यांचं नाव कुठेच नको. आणि परवाना मिळाल्यावर ते कुंपणाच्या आतही नकोत."

१२ मार्च

पाओराला सांगितलं. तो परसात ईल माशांना धुरी देत होता. मी रात्रभर वाक्यं जुळवून गेले होते, पण सगळं एका दमात बोलून मोकळी झाले.

"बरोबर आहे वकीलबाईंचं," तो म्हणाला. "गंमत म्हणजे तुरुंगात मला बागच सांभाळायला दिली होती. फावडं, कात्री, सगळं. तिथे माझ्यावर विश्वास होता."

मी हसले. तोही हसला. त्याने सगळ्यात मोठा ईल कागदात गुंडाळून दिला. चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही, घोड्याला पाणी दाखवायचं म्हणाला. घोडं तर ओढ्यातच उभं होतं.

चांगलं घेतलं त्याने. मला वाटलं होतं चिडेल.

२ एप्रिल

रिपेका आत्या सकाळी बसजवळ येऊन उभी राहिली. वय त्र्याऐंशी. बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झालीत. पाओरा तिला वर्षानुवर्षं याच झाडाचं तेल करून द्यायचा. मार्चपासून मी त्याला ते बंद करायला लावलंय, कारण माझ्या नावाने अर्ज आहे आणि तो माझ्या अंगणात राहतो.

"आत्या, डॉक्टरकडे जा. ते लिहून देतात आता."

"डॉक्टर पंधरा दिवसांनी एकदा येतो. आणि तो लिहून देईल ते घ्यायला पेन्शन पुरायला हवी."

"मग काय करू मी? कायदा आहे."

"कायदा तेव्हाही होता, पोरी," ती म्हणाली. "तेव्हा तू मला गाडीतून पाओराकडे सोडायचीस."

मुलं खिडकीतून ऐकत होती. मी दार लावलं आणि निघाले. पुलापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होते.

२८ एप्रिल

जमीनमालकांची सभा. जमीन सामायिक आहे, मालक दोनशे चौदा, आले एकोणसत्तर, दहाबारा जण फोनच्या पडद्यावर. नेमाप्रमाणे भाडेपट्टा मंजूर करायचा आणि मग तो जमीन न्यायालयाकडे पाठवायचा. मी नकाशा लावला, कुंपण दाखवलं, किती कामं मिळतील ते सांगितलं. पंधरा जणांना वर्षभर काम, कापणीला आणखी.

मग रिपेका आत्या काठी टेकत उठली.

"मला एवढंच विचारायचंय. वीस वर्षं पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं. ज्यांनी हे झाड लावलं त्या आपल्या पोरांना घेऊन गेलं. आता तेच झाड लावायचं आणि त्याच पोरांना फाटकाबाहेर ठेवायचं. हे कुणी ठरवलं?"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात मागून पाओराच उठला.

"आत्या, मी ठरवलं," तो म्हणाला. "फाटकाबाहेर बरंच मोकळं असतं. बस तू."

लोक हसले, हात वर झाले, ठराव पास झाला. चौसष्ट विरुद्ध पाच. आत्याचा हात खालीच होता.

सभा संपल्यावर मी पाओराला थँक्यू म्हणायला शोधलं. तो मागच्या दाराने गेला होता. ताटं धुवायची टाळायला असेल.

१७ जून

कुंपणाचं काम महिनाभर चाललं होतं, आज संपलं. परवाना नाही म्हणजे ती अजून साधी जमीन आहे, तिथे कुणीही काम करू शकतं. रोवीनाबाईंना विचारून घेतलं. पाओराने खांब रोवायला घेतले. पाऊस, चिखल, गार वारा, तरी ऐकत नाही. प्रत्येक खांबाला ओळंबा लावतो. मी म्हटलं, "अरे, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?"

"तपासायला येतील ते वाकडा खांब बघतील आणि म्हणतील, असलेच हे लोक."

शेवटची जाळी लावताना तो आतून काम करत होता. झाल्यावर फाटकाने बाहेर आला, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. कडी जरा घट्ट होती, म्हणून बघत असेल.

९ जुलै

आता कार्यपद्धती लिहायची आहे. आरोग्य खात्याला लेखी हवं की रोप कसं वाढवणार, रोग आला तर काय, पाणी किती. पाओरा रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसतो, सांगतो, मी लिहिते.

मी आजवर समजत होते की बी टाकायचं आणि हेलिकॉप्टरपासून लपवायचं, एवढंच असतं. तसं नाही. आमच्या खोऱ्यात मार्चअखेर, थंडीच्या तोंडावर, नदीवरून धुकं चढतं आणि फुलोऱ्याला बुरशी धरते. म्हणून लवकर फुलणारं बी निवडायचं. त्याने ते बी एकोणीस हंगाम निवडून निवडून तसं केलंय. वादळानंतर जो गाळ बसला तो वरून सुपीक वाटतो, पण खाली पाणी धरून ठेवतो. म्हणून ओळी उताराला आडव्या न घेता जरा तिरक्या घ्यायच्या. सकाळी पान हाताच्या मागच्या बाजूने उचलून बघायचं, तळव्याने नाही. तळव्याला ओल कळत नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पंधरा वर्षं रोज चुकलो."

"लिहून का नाही ठेवलंस कधी?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच हसू आलं. लिहून ठेवलं असतं तर पुरावाच झाला असता.

एकतीस पानं झाली. रोवीनाबाईंच्या नमुन्यात 'माहितीचा स्रोत' असा रकाना आहे. मी 'स्थानिक अनुभव' लिहिलं.

११ ऑगस्ट

पाओराने दोन्ही कुत्रे पुलापलीकडच्या चुलतभावाला दिले. डुकरांची शिकार त्याचा जीव की प्राण. विचारलं तर म्हणाला गुडघा दुखतो. वय झालं आता त्याचंही. घोडंही देऊन टाकायचं म्हणतोय. एका परीने बरं, परसातली घाण कमी होईल.

मला कार्यपद्धती पाठ म्हणून दाखवायला लावतो. चुकले की पहिल्यापासून. शाळेत मी त्याला पाढे शिकवले होते, त्याचा सूड घेतोय.

२२ ऑगस्ट

रिपेका आत्याकडे रेवेना, म्हणजे बटाट्याच्या आंबवणाचा पाव, द्यायला गेले. आत्या विणत होती! मार्चनंतर पहिल्यांदाच सुया हातात दिसल्या. डॉक्टरची गोळी लागू पडली असणार. टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली होती आणि ती त्यातलं बोटांना चोळत होती. म्हातारपणी असं होतं, कुठलं औषध कशाला ते लक्षात राहत नाही. मला सर्दी झालीय, वास काही आला नाही.

मी काही बोलले नाही. बोटं हलताहेत ना.

५ सप्टेंबर

आजचा दिवस लिहू की नको असं झालंय.

रोवीनाबाईंनी शपथपत्राचा मसुदा पाठवला. सगळं नीट आहे. फक्त चौदावं कलम: 'अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कोणत्याही व्यक्तीचा या उपक्रमाच्या आखणीत, उभारणीत अथवा ज्ञानात सहभाग नाही.'

फोन केला. "बाई, हे खरं नाही."

"कायद्याच्या नजरेने बघा," त्या म्हणाल्या. "त्यांना पगार आहे? नाही. हिस्सा आहे? नाही. कागदावर कुठे नाव आहे? नाही. बहीण-भाऊ चहा पिताना बोलले, त्याला सहभाग म्हणत नाहीत."

त्यांचं चुकत नसेल. त्या शिकलेल्या आहेत. मी औषधाच्या दुकानात गेले, तिथले मालक शपथपत्रांवर साक्ष करतात. त्यांनी विचारलं, वाचलंत ना सगळं? हो म्हणाले. सही केली. तेवीस वर्षं बस चालवतेय, वेगाची एक पावती नाही माझ्या नावावर.

पाओराला कलम वाचून दाखवलं. दाखवायला हवंच होतं.

"झालं ना एकदाचं," तो म्हणाला. "आता माझ्याबद्दल कुणी काही विचारणार नाही." मग तो उठून माझ्या नळाचा गळका वॉशर बदलत बसला. सांगितलंही नव्हतं मी.

१९ सप्टेंबर

तपासणी झाली. वेलिंग्टनहून श्री. ऑस्बर्न आले. साठीचा माणूस, चिखलाचे बूट घरून घेऊन आलेला. मला वाटलं होतं दटावणारा असेल. त्याने कॅमेरे बघितले, कुलूप ओढून बघितलं, खांबांवरून हात फिरवला. "सरळ आहेत," म्हणाला.

मग शेतात उभा राहिला. बराच वेळ.

"ओळी तिरक्या का आखल्यात?"

मी गाळाचं सांगितलं. त्याने धुक्याचं विचारलं, मी सांगितलं. पान कसं बघणार? सांगितलं. पाठच होतं सगळं. तो वहीत लिहीत होता, आणि त्याचा चेहरा बदलत गेला, म्हणजे खूश होत गेला.

"मी या देशात तीसेक आराखडे बघितलेत, बाई. हा कंपनीच्या सल्लागाराने केलेला नाही. ही जमीन माहीत असलेल्या माणसाने केलाय. किती वर्षं लागली तुम्हाला हे शिकायला?"

'तुम्हाला' म्हणाला तो.

मी हो-नाही काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकत होते. तो पुढच्या प्रश्नाकडे वळलाही असता. पण माझ्या तोंडून आलं, "मला नाही. माझ्या भावाला. मला तर टोमॅटो येत नाही."

तो थांबला. "भावाचं नाव अर्जात नाही."

"नाही. त्याला दोनदा शिक्षा झालीय. आराखडा त्याचा आहे, कुंपण त्याने घातलंय, बी त्याने निवडलंय. चौदाव्या कलमावर सही मी केलीय आणि ते खोटं आहे."

वारा होता. त्याच्या वहीची पानं फडफडत होती, त्याने ती हाताने दाबून धरली. म्हणाला, "हे मी ऐकलं नाही असं मला करता येत नाही."

"तुम्ही ऐकावं म्हणूनच सांगितलं."

"मग लेखी द्या. जुनं शपथपत्र मागे घ्या, नवं करा. काय होईल ते मी सांगू शकत नाही. खोटी शपथ ही तुमच्या लायकीच्या विरोधातच जाते. ती स्वतःहून मागे घेणं तुमच्या बाजूने जाईल की नाही, ते वरचे लोक बघतील."

दुपारची फेरी बारा मिनिटं उशिरा निघाली. पहिल्यांदाच.

२० सप्टेंबर

पाओराला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला.

"कुणी सांगितलं होतं तुला? सगळं झालं होतं! मी जाणार होतो!"

"कुठे जाणार होतास?"

खिशातून तिकीट काढून टेबलावर टाकलं. सोमवारची बस, मग बोट, थेट दक्षिणेला ब्लफपर्यंत. तिथे मासळीच्या कारखान्यात काम बघितलं होतं त्याने, जुलैपासून. कुत्रे, घोडं, नळाचा वॉशर. मी सगळं या वहीत लिहिलंय आणि एकही गोष्ट मला दिसली नाही.

"मी इथे असलो तर कधी ना कधी कुणीतरी बोट दाखवणार," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "नसलो की तुला खोटं बोलायला लागणार नाही."

"पण मला बोलायला लागलं. तू असताना तू नाहीस असं लिहून दिलं मी."

"मग काय झालं? सरकारी कागदच तो."

"मला नाही जमलं, पाओरा."

त्याने खुर्ची टेबलाखाली सारली. मग म्हणाला, "बारा एकर, पंधरा माणसांचं काम, आणि तुला आत्ताच नाही जमलं." तिकीट उचललं आणि गेला.

त्याचंही खरं आहे. ट्रस्टच्या लोकांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

२६ सप्टेंबर

रोवीनाबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मसुदा मी करते. चौदावं कलम माझं होतं, त्याचं मीही लिहून देते." नवं शपथपत्र चार पानांचं झालं. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात नाव घातलं.

ट्रस्टला सांगितलं. अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बघू." सोमवारची बस पाओराने जाऊ दिली. का ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर

काही नाही. सोळा मुलं.

१४ नोव्हेंबर

लिफाफा आला. टपालवाल्याने बस थांबवून हातात दिला. मुलांना उतरवेपर्यंत उघडला नाही.

परवाना दिलाय. एका वर्षाचा, तीन अटींवर. दर दोन महिन्यांनी तपासणी, अचानक. पहिल्या वर्षी फक्त दोन एकर. म्हणजे पंधरा नाही, चार जणांना काम. आणि तिसरी अट मी इथे तशीच उतरवून घेते: 'लागवडीचा आराखडा व बियाण्याची निवड ही श्री. पाओरा यांच्या ज्ञानावर आधारित असल्याचे अर्जदाराने कळवले आहे. श्री. पाओरा यांनी स्वतंत्र मंजुरीशिवाय कुंपणाच्या आत प्रवेश करू नये. अशा मंजुरीसाठी ते अर्ज करू शकतात.'

चौघांची नावं आता मलाच ठरवायची आहेत. उरलेल्या अकरा जणांना मी रोज रस्त्यात भेटते.

आत्याला सांगायला गेले. ती मोजे विणत होती. "कुंपणाचं कळलं," म्हणाली. "माझ्या हातांचं काय?" मी म्हटलं, डॉक्टरांची गोळी लागू पडलीय ना तुला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो गं. फार चांगला डॉक्टर आहे."

१५ नोव्हेंबर

पाओराला पत्र दिलं. तो उभ्यानेच वाचत होता. वाचायला वेळ लागतो त्याला. दोनदा वाचलं.

"यात माझं नाव आहे," तो म्हणाला.

"हो."

"गुन्ह्याचा नंबर नाही."

मला कळलं नाही, मग कळलं. सरकारच्या कागदावर त्याचं नाव आजवर नंबराशिवाय कधी आलंच नव्हतं.

"आत यायचं नाही म्हणतात," मी म्हटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"ते वाचलं मी. शेवटची ओळ वाच ना तू. तो अर्ज कुठे मिळतो?"

१६ नोव्हेंबर

रविवार. अर्ज छापून आणला. अकरा पानं. पाओरा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या टेबलाशी आला, लग्नाला निघाल्यासारखा. मी लिहू का म्हटलं तर नको म्हणाला.

शिक्षांच्या पानावर जागा पुरली नाही. त्याने आणखी एक कागद मागितला. दोन्ही वर्षं, किती रोपं, कोणतं न्यायालय, सगळं लिहिलं. ज्या एका वेळी पकडला गेलाच नव्हता तेही लिहायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "विचारलेलंच लिही," म्हटलं.

मग 'व्यवसाय' या रकान्याशी अडला. तुरुंगाच्या कागदांवर नेहमी 'मजूर' लिहायचे, एकदा 'काही नाही' लिहिलं होतं. पेन हातात धरून तो खिडकीबाहेर बघत होता. मी भांडी घासायला घेतली, म्हणजे त्याला घाई वाटू नये.

वळून बघितलं तेव्हा लिहून झालं होतं. अक्षर मोठं, पहिलीतल्या मुलासारखं, रकान्याच्या बाहेर गेलेलं. 'शेतकरी'.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पुढचं पान घे."